वाचवलेला रुपया कोणाचा?



काटकसर चांगली, हे पिंपळगावच्या माणसाला वेगळे शिकवावे लागत नाही. जुलै २०२३ मध्ये टोमॅटो शहरात शंभर रुपये किलोच्या वर गेला होता. सप्टेंबर येईपर्यंत तोच टोमॅटो शेतकऱ्याला किलोमागे काही रुपयांवर देऊन टाकावा लागला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लागले आणि ८ डिसेंबरला निर्यातच बंद झाली; ती मे २०२४ पर्यंत खुली झाली नाही. ज्या गावाचे पोट बाजार समितीच्या लिलावावर आहे, तिथे हात राखून खर्च करणे हा आपल्या सर्वांच्या अंगवळणी पडलेला शहाणपणा आहे.

तरीही या रविवारी एक साधा प्रश्न आपल्यापुढे ठेवावा असे आम्हाला वाटले. घरात जो रुपया वाचतो, तो नेमका कोणाच्या वाट्यातून वाचतो? आणि वाचल्यावर तो कोणाचा होतो? हा प्रश्न आम्हाला वाचनातून सुचलेला नाही. आमच्याच घरात एक चूक झाली, तिने तो आमच्यापुढे उभा केला.

आमचे घर थोड्या शेतीवर आणि एका नोकरीवर चालते. घरात आजी, दोन मुले आणि आम्ही दोघे. गेल्या पावसाळ्यात हिशेब काही केल्या जुळेना, म्हणून एका रात्री वही घेऊन बसलो. किराणा कमी होण्यासारखा नव्हता, शाळेची फी टळण्यासारखी नव्हती. मग डोळ्यांत भरला तो यंत्रांचा आणि करमणुकीचा खर्च. चार मोबाइलचे रिचार्ज, टीव्हीचा महिन्याचा साडेतीनशेचा रिचार्ज, सिनेमे बघण्याच्या एका अ‍ॅपचे दीडशे, थोरल्याच्या मोबाइलचा हप्ता. शिवाय नादुरुस्त मिक्सर कपाटावर पडून होता आणि नवा घ्यायचे घाटत होते.

"टीव्ही बंद करू या. सगळे मोबाइलवरच तर बघतात," असे ठरले. मुलांनी लगेच माना डोलावल्या. पाच मिनिटांत महिन्याचे साडेतीनशे रुपये वाचले आणि आम्ही समाधानाने वही मिटली.

पंधरा-वीस दिवसांनी संध्याकाळी घरी आलो, तर घरात अंधार. आजी पलंगावर नुसत्या बसलेल्या. विचारले, "आई, लाइट का नाही लावला?" त्या म्हणाल्या, "बसायचंच तर आहे, लाइट कशाला जाळायचा? तुम्ही काटकसर करताय ना." मग जरा थांबून म्हणाल्या, "मी काय फार बघत नव्हते गं. डोळ्यांना दिसतंय कुठं? पण तुम्ही नसताना घरात माणसाचा आवाज असायचा."

बंधू-भगिनींनो, त्या रात्री जेवण गोड लागले नाही. आम्ही बचत केली होती, पण ती आमच्या वाट्यातून केलीच नव्हती. जिला आम्ही विचारले नाही आणि जी भांडणार नाही हे आम्हाला ठाऊक होते, तिच्या वाट्यातून केली होती. आमचे मोबाइल चालू, थोरल्याचा हप्ता चालू, सिनेमाचे अ‍ॅप चालू. बंद झाला तो एका म्हाताऱ्या माणसाच्या एकटेपणातला आवाज.

आपल्या भाषेत यासाठी वेगवेगळे शब्द आहेत, ते उगीच नाहीत. काटकसर करणारा पै-पैचा हिशेब ठेवतो, कारण त्याला कशासाठी तरी पैसा हवा असतो. कंजूष माणूस पैशासाठीच पैसा ठेवतो. तिसरा प्रकार जाहिरातीतल्या बचतीचा. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांपेक्षा मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्के झाला. करापूर्वी २५,००० रुपये किंमत असलेला टीव्ही आधी ३२,००० ला पडत असे, तो आता २९,५०० ला पडतो. ज्याला टीव्ही घ्यायचाच होता, त्याचे अडीच हजार खरोखर वाचले. पण ज्याच्या मनात टीव्ही घ्यायचे नव्हतेच, तो अडीच हजार वाचवण्यासाठी साडेएकोणतीस हजार घालवून घरी येतो. दुकानाच्या फलकावर दोघांसाठी एकच शब्द लिहिलेला असतो: बचत.

संत लूकच्या शुभवर्तमानात प्रभू येशू बुरूज बांधू पाहणाऱ्या माणसाची गोष्ट सांगतो. तो माणूस आधी बसून खर्चाचा अंदाज घेतो, नाहीतर पाया घालूनच काम थांबायचे आणि लोकांचे हसू व्हायचे. प्रभूने तो दाखला शिष्यपणाची किंमत समजावण्यासाठी सांगितला. पण त्यातला व्यवहार तुमच्या-आमच्या रोजच्या जगण्यातला आहे. आपण मात्र पायाचाच हिशेब करतो, बुरुजाचा करत नाही. दुकानात सांगितलेला हप्ता ऐकतो, एकूण किती जाणार ते विचारत नाही.

'शून्य टक्के व्याज' हे शब्द पाहा. रिझर्व्ह बँकेने १७ सप्टेंबर २०१३ रोजीच बँकांना बजावले होते की शून्य टक्के व्याज असे काही नसते; ते प्रक्रिया शुल्कासारख्या दुसऱ्या नावाखाली ग्राहकाकडूनच घेतले जाते. समजा, एक मोबाइल रोखीने १६,५०० ला मिळतो आणि हप्त्याने १८,००० ला, वर ५०० रुपये शुल्क. मग ते २,००० रुपये म्हणजेच व्याज, त्याला नाव काहीही द्या. १ ऑक्टोबर २०२४ पासून अशा कर्जांसाठी आणखी एक नियम झाला आहे. कर्ज देणाऱ्याने सगळे शुल्क धरून वर्षाचा खरा दर किती पडतो, हे ग्राहकाला समजेल अशा भाषेत एका पत्रकावर लिहून द्यायचे असते. सही करण्यापूर्वी ते पत्रक मागून घ्यावे. मागण्यात कमीपणा नाही.

विजेचा हिशेबही असाच लपलेला असतो. टीव्ही रिमोटने बंद केला तरी त्याखालची पेटी चालूच राहते. ती १० वॅट घेत असेल आणि दिवसाचे वीस तास उगीच चालू राहत असेल, तर महिन्याला ६ युनिट आणि वर्षाला ७३ युनिट कोणाच्याही उपयोगाविना जातात. भिंतीवरचे बटण बंद केले की झाले. जुना पंखा ७५ वॅटचा असतो, नवा कमी विजेचा पंखा ३० वॅटच्या आसपास चालतो. रोज बारा तास चालणाऱ्या पंख्यामागे महिन्याला सोळा युनिट वाचतात. आपल्या बिलावरचा दर घेऊन गुणाकार करून पाहावा. म्हणजे कधी महाग वस्तूच शेवटी स्वस्त पडते. अशा बचतीत कोणाचे काही हिरावले जात नाही. ही निर्मळ बचत.

पण सगळीच बचत निर्मळ नसते.

आम्ही स्वतःलाच विचारू लागलो तेव्हा आमच्याच घरात आणखी काही गोष्टी सापडल्या. थोरला नवे सिनेमे कुठून तरी फुकट उतरवून घेत असे. "सगळेच बघतात, कोणाचे काय जाते?" हे त्याचे उत्तर, आणि खरे सांगायचे तर आम्हीही त्याच्याबरोबर बसून ते पाहिले होते. २०२३ च्या चित्रपट कायद्यातील दुरुस्तीने सिनेमाची चोरटी नक्कल करणाऱ्याला किमान तीन महिने कैद आणि किमान तीन लाख रुपये दंड ठेवला आहे. पण कायद्याची भीती बाजूला ठेवू. "कोणाचे काय जाते?" याचे उत्तर पिंपळगावच्या माणसाइतके चांगले कोणाला ठाऊक असणार? आपण टोमॅटोचे क्रेट मातीमोल दिले, तेव्हा कुठल्या तरी शहरात कोणी तरी "आज भाजी स्वस्त मिळाली" म्हणून खूश होऊन घरी गेले असेल. त्याची बचत आपल्या मजुरीतून, आपल्या औषधफवारणीतून, आपल्या झोपेतून आली होती. त्याने मुद्दाम आपले वाईट केले नाही. त्याला आपण दिसतच नव्हतो. सिनेमात दिवे धरणारा, कपडे शिवणारा, गाडी चालवणारा मजूरही आपल्याला तसाच दिसत नाही.

कोणी म्हणेल, "अहो, बाजारभाव पडणे आणि चोरी करणे यांत फरक आहे." फरक जरूर आहे. स्वस्त भाजी घेणारा चोर नव्हे. त्याने मागितले तेवढे पैसे दिले. फुकट उतरवून घेणारा काहीच देत नाही. पण दोन्हीकडे एक गोष्ट सारखी आहे. आपल्या हाती आलेल्या स्वस्ताईची किंमत दुसरे कोणी तरी मोजत आहे, आणि ती आपल्याला पाहावी लागत नाही. न दिसणाऱ्याचे दुःख आपण सोसले आहे. म्हणून निदान आपण तरी न दिसणाऱ्याचा विचार करायला हवा. तारेवर आकडा टाकून वाचवलेले वीजबिलही याच जातीचे. ते शेजाऱ्यांच्या आणि सगळ्या गावाच्या वाट्यातून वाचते.

दुरुस्ती करणाऱ्याशी केलेली घासाघीसही आठवली. आमचा मिक्सर आम्ही शेवटी दुरुस्तीला नेला. त्या भाऊंनी तो उघडला, झिजलेला भाग बदलला आणि अडीचशे रुपये सांगितले. आम्ही सवयीने म्हणालो, "दोनशे घ्या." नवा मिक्सर तीन हजारांचा. म्हणजे ज्या माणसाने आमचे पावणेतीन हजार वाचवले, त्याच्याच पन्नास रुपयांवर आमची नजर! दुकानातल्या छापील किमतीपुढे आपण मुकाट्याने मान तुकवतो आणि हाताने काम करणाऱ्या माणसापुढे मात्र आपल्याला काटकसर आठवते. आम्ही अडीचशे दिले.

दुरुस्तीचे मोल केवळ पैशाचे नाही. संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ च्या अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात जगात ६ कोटी २० लाख टन विजेच्या व इलेक्ट्रॉनिक वस्तूंचा कचरा झाला आणि त्यातला चौथा हिस्साही नीट गोळा होऊन पुन्हा वापरात आल्याची नोंद नाही. उरलेला कुठे तरी उघड्यावर पडतो, जळतो, जमिनीत झिरपतो. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात थोडक्यात समाधान मानण्याला मनाच्या मोकळेपणाशी जोडले आहे. मिक्सर आणखी पाच वर्षे चालवणे हे त्या शिकवणीचे आपल्या स्वयंपाकघरातले रूप आहे, असे आम्हाला वाटते.

आता करमणुकीकडे वळू. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. आपल्या भागात टीव्ही घरोघरी यायला पुढे बरीच वर्षे लागली. त्याआधी रेडिओ होता, आणि एके काळी त्यासाठीसुद्धा पोस्टात परवान्याची फी भरावी लागे. १९८७ साली दर रविवारी सकाळी रामायण लागायचे, तेव्हा एका टीव्हीपुढे अख्खी आळी बसायची, हे आपल्यातल्या चाळिशी-पन्नाशीच्या लोकांना आठवत असेल. एका यंत्रावर तीस माणसांची करमणूक; माणशी खर्च जवळजवळ शून्य. आज चार माणसांच्या घरात चार पडदे आहेत. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आले आणि इंटरनेट एकदम स्वस्त झाले. तरी घराचा खर्च वाढला, कारण जे पूर्वी घराचे एक असे ते प्रत्येकाचे वेगळे झाले. जुलै २०२४ मध्ये मोठ्या कंपन्यांनी रिचार्ज महाग केले, तेव्हा तो बोजा घरातल्या प्रत्येक मोबाइलमागे वाढला.

पण जुन्या दिवसांचे नुसते गोडवे गाण्यातही अर्थ नाही. त्या एका टीव्हीपुढे आत चटईवर कोणी बसायचे आणि उंबऱ्याबाहेर उभे राहून कोणी बघायचे, हे बऱ्याच ठिकाणी ठरलेले असे, आणि का ठरलेले असे तेही आपल्याला ठाऊक आहे. ज्यांनी उंबऱ्याबाहेरून पाहिले, त्यांच्या घरात पुढे हप्त्याने का होईना टीव्ही आला, तेव्हा ती केवळ चैन नव्हती. आता कोणाच्या दारात उभे राहायचे नाही, हा त्यातला मान होता. म्हणून एखाद्या मजुराच्या घरात मोठा टीव्ही दिसला की "खायला नाही आणि थाट बघा" असे म्हणण्याची घाई आपण करू नये. काटकसरीचा उपदेश दुसऱ्याच्या घरी करणे फार सोपे असते. तिची सुरुवात आपल्या घरी आणि आपल्या वाट्यातून व्हावी.

मग आम्ही काय केले? दुसऱ्यांदा वही उघडली तेव्हा आजींनाही बसवले आणि धाकटीलाही. प्रत्येकाने एक गोष्ट सांगायची जी त्याला खरोखर हवी, आणि एक जी तो सोडील. दुसऱ्याची गोष्ट कोणी सोडायची नाही, फक्त आपली. हा नियम ऐकायला सोपा, पाळायला कठीण. अर्धा तास कोणी बोलेना.

शेवटी असे ठरले. टीव्ही परत सुरू करायचा, पण प्रसार भारतीच्या मोफत डिशवर. ही सेवा डिसेंबर २००४ पासून आहे. छत्री आणि पेटी यांचा खर्च एकदाच, नंतर महिन्याचे काही नाही. त्यावर सह्याद्री वाहिनी दिसते, आणि आजींना तेवढे पुरते. आजींच्या मोबाइलला इंटरनेट लागतच नव्हते. ज्यांना फक्त बोलायचे असते त्यांच्यासाठी कंपन्यांनी वेगळे रिचार्ज ठेवावेत, असा नियम दूरसंचार नियामकाने डिसेंबर २०२४ मध्ये केला आहे. तो रिचार्ज घेतल्यावर महिन्याला सुमारे दीडशे रुपये कमी झाले. सिनेमाचे अ‍ॅप आम्ही दोघांनी सोडले, कारण ते आम्हीच बघत होतो. थोरल्याने नव्या मोबाइलचे वेड सोडले नाही, पण हप्ते फिटल्यावर निदान तीन वर्षे हाच वापरीन आणि बॅटरी खराब झाली तर बदलून घेईन, एवढे कबूल केले. वर्गाचा सगळा अभ्यास मोबाइलवर येतो, हे त्याचे म्हणणे आम्हाला मान्य करावे लागले. तो अजून थोडा रुसलेला आहे. सगळे सुरळीत झाले असे आम्ही सांगणार नाही.

हिशेब असा: टीव्हीचे साडेतीनशे, अ‍ॅपचे दीडशे, रिचार्जचे दीडशे, महिन्याला साडेसहाशे, वर्षाला ७,८००. डिशला लागलेले सुमारे दोन हजार पहिल्या वर्षी वजा केले तरी पावणेसहा हजारांच्या वर राहतात. म्हणजे आजींचा आवाज न हिरावताही बचत झालीच, उलट पहिल्या वेळेपेक्षा जास्त झाली.

आता राहिला दुसरा प्रश्न: हे पैसे कोणाचे? यावर आम्हा दोघांचे एकमत नव्हते. एकाचे म्हणणे, सोसायटीचे कर्ज डोक्यावर असताना दानधर्म कसला? आधी कर्ज. दुसऱ्याचे म्हणणे, कर्ज फिटण्याची वाट पाहिली तर आपण कधीच कोणाला काही देणार नाही. मंदिराच्या दानपेटीत दोन नाणी टाकणारी विधवाही कर्जातच असेल. खरे तर दोन्ही बाजू बरोबर आहेत. कर्ज फेडणे हाही न्यायच आहे, तो दुसऱ्याचा पैसा आहे. आणि चौथ्या शतकातले संत बेसिल यांनी शिकवले आहे की आपल्या पेटीत जास्तीचे पडून असलेले वस्त्र खरे म्हणजे उघड्याचे आहे. पण आमच्याकडे जास्तीचे होते का, हाच तर वाद होता.

वाद मिटवायला आजींच्या अंधारातल्या बोलण्याचाच उपयोग झाला. आम्ही असे ठरवले की ज्याच्या वाट्यातून रुपया वाचला, त्याचा त्यावर पहिला हक्क. आजींच्या रिचार्जमधून वाचलेल्या दीडशेवर आजींचा हक्क. ते आम्ही त्यांच्या हातात दिले, तेव्हा त्या संकोचल्या. त्यातले पन्नास त्यांनी शेजारच्या एका एकट्या बाईंच्या औषधासाठी वेगळे काढले आणि बाकीच्याचा चष्मा बदलायचे ठरवले. आमच्या वाट्यातून वाचलेले कर्जाला जातात. त्यातलाही एक छोटा भाग महिन्याच्या सुरुवातीलाच बाजूला निघतो, शेवटी उरला तर नव्हे. रक्कम लहान आहे. पण कोणाला द्यायची हे घरातले सगळे मिळून ठरवतात, आणि धाकटी त्याचा हिशेब ठेवते.

बंधू-भगिनींनो, या सणासुदीत दुकानांत गर्दी होईल, फलकांवर बचतीचे आकडे झळकतील. आपल्यातल्या कोणाला खरोखर टीव्ही किंवा फ्रीज घ्यायचा असेल तर त्यांनी आनंदाने घ्यावा, नीट हिशेब करून घ्यावा. आणि ज्यांना खर्च कमी करायचा आहे, त्यांनी वही मिटण्याआधी घरभर एकदा नजर फिरवावी. कोण गप्प बसले आहे? कोणाला आपण विचारलेच नाही? बचत तिथून तर होत नाही ना?

परमेश्वर आपल्या घराघरांत पुरेसे अन्न, पुरेसा उजेड आणि माणसाचा आवाज ठेवो, हीच प्रार्थना.